टर्बोची दोन मिनिटं

गुरुनाथ साबडे गाडी चालवत नसत. पेन्शनर सासऱ्यांना संध्याकाळी बागेत न्यावं, तशी फिरवून आणत. चंदिगडचे रस्ते असे रुंद आणि सरळ, की सायकलरिक्षावाल्यालाही शर्यत लावायची हुक्की यावी. पण साबड्यांच्या गाडीचा काटा एकदा चाळिसावर टेकला की तिथेच मांडी ठोकायचा. स्कूटरी पुढे जायच्या, टेम्पो पुढे जायचे. एकदा उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न देऊन पुढे गेला, आणि जाता जाता वरच्या सरदारजींनी वाकून आत पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, काळजी होती. शेजारी बसलेल्या वसुधाला तेच जास्त लागलं.

गाडी काही चाळीसची नव्हती. सेक्टर एकोणचाळीसमधल्या सरकारी संशोधन संस्थेने गुरुनाथना दोन वर्षं जर्मनीला पाठवलं होतं, जंतूंवर काम करायला. येताना बाकीच्यांनी कॅमेरे आणले, चॉकलेटं आणली. यांनी टर्बो डिझेल मोटार आणली. बाटलीसारखी हिरवी, आणि स्टिअरिंग डाव्या हाताला. त्यामुळे वसुधा बसायची उजवीकडे, आपल्याकडे ड्रायव्हर बसतो तिथे. चौकातला शिपाई असो की पंपावर डिझेल भरणारा, जो तो आधी तिच्याच खिडकीशी यायचा आणि ती नवऱ्याकडे बोट दाखवायची. ड्रायव्हरच्या जागेवर बसून काहीच न चालवणं तिला तीन वर्षांत चांगलं अंगवळणी पडलं होतं. सराव जुना होता. लग्नाला सोळा वर्षं झाली होती.

खरं तर गाडी तिलाही येत होती. वडील साखर कारखान्यात शेतकी अधिकारी. सांगलीकडच्या काळ्या रानातून रुतलेली जीप बाहेर काढायला ती कॉलेजात असतानाच शिकली होती. इथे आल्यावर एकदा तिने किल्ली मागितली. गुरुनाथ म्हणाले, "अगं, ही जीप नव्हे. हिला टर्बो आहे." तो विषय तिथेच मिटला.

टर्बो म्हणजे काय हे साबड्यांकडे चहाला गेलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. माहीत करून घेतल्याशिवाय उठताच येत नसे. चहा येईपर्यंत सोळाशे सीसी, चार सिलिंडर, सत्तर घोडे. चहासोबत कॉम्प्रेशन, तेवीसास एक. पोहे आले की टर्बो. धुराड्यातून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक भिंगरी फिरते, ती दुसरीला फिरवते, दुसरी इंजिनात जास्तीची हवा कोंबते. मिनिटाला लाखभर फेरे, आणि सगळा डोलारा तेलाच्या केसाएवढ्या थरावर. तापलेलं इंजिन झटक्यात बंद केलं की तेल थांबतं, भिंगरी मात्र फिरत राहते. राहिलेलं तेल जळून कोळसा होतं, बेअरिंग जातं, आणि मग निळा धूर. धुराचे प्रकार तीन. पांढरा म्हणजे इंजिन गार आहे, काळा म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. आणि निळा. निळा म्हणताना गुरुनाथांचा आवाज दवाखान्यात भेटायला गेल्यासारखा खाली यायचा.

म्हणून नियम. सकाळी डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझेपर्यंत किल्ली पुढे फिरवायची नाही, कारण आत सिलिंडर तापवणाऱ्या कांड्या असतात आणि चंदिगडच्या थंडीत त्यांना वेळ लागतो. आणि परत आल्यावर, फाटकाशी गाडी उभी करून, इंजिन दोन मिनिटं नुसतं चालू ठेवायचं. मनगटावरच्या घड्याळात बघून.

या दोन मिनिटांची क्वार्टर्समध्ये प्रत्येकाने आपापल्या सोयीने व्यवस्था लावली होती. वरच्या मजल्यावरच्या शशिकलाबाई खाली इंजिन गुरगुरायला लागलं की गॅसवर पेलाभर दूध ठेवायच्या आणि ते बंद झालं की उतरवायच्या. मधल्या वेळात त्या खिडकीशी काय करायच्या, हे कोणी विचारलं नाही. साबड्यांची बारा वर्षांची वीणा मागच्या सीटवरून "पापा, बंद करो ना यार" म्हणायची आणि दार आपटून आत पळायची.

राहायची दोघं.

घरात गुरुनाथ हाती लागणं कठीण होतं. दारात बूट, बूट झाले की वर्तमानपत्र, मग बातम्या, मग जर्नल. मध्ये जेवण, तेही डाव्या हातात कागद धरून. पण या दोन मिनिटांत त्यांना कुठे जाताच यायचं नाही. चालू गाडी सोडून उतरायचं नाही हा नियम त्यांचाच. अंधारात वाचता येत नाही, रेडिओ लावायचा नाही कारण इंजिनाचा आवाज ऐकायचा असतो. मग माणूस करील काय? बोलायचे. आधी गाडीचं, मग हळूहळू बाकीचं. बढतीच्या यादीत नाव नाही हे वसुधाला तिथेच कळलं होतं. जर्मनीतल्या पहिल्या हिवाळ्यात एका रविवारी उगीचच रडू आलं होतं, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. सांगताना तेलाच्या काट्याकडे बघत होते. वसुधाने मनातल्या मनात जमाखर्च मांडून पाहिला होता. उरलेल्या सबंध दिवसात जेवढा नवरा वाट्याला येत नाही, तेवढा या दोन मिनिटांत येतो. जर्मनांचे तिच्यावर उपकार होते.

म्हणूनच दसऱ्याला चंडीमंदिरच्या छावणीत मेजर नरेंद्र भोईटेंनी तिला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते तिला मुळीच आवडलं नाही. भोईटे मूळचे फलटणचे, फौजेच्या गाड्या आणि इंजिनं दुरुस्त करणाऱ्या शाखेतले. त्यांची बायको स्मिता ही वसुधाची इथली सगळ्यात जवळची मैत्रीण.

"वहिनी, राग नका मानू," नरेंद्र म्हणाले, "ती दोन मिनिटं खरी आहेत, पण गाडी पळवली तर. कसौलीचा घाट चढलात, शंभरने आलात, तर थांबा. तुमच्याकडे चाळीसच्या स्पीडला त्या टर्बोला पत्तासुद्धा नसतो की आपण नोकरीवर आहोत. फाटकाशी आलात की खुशाल बंद करा. साहेबांना सांगतोच आता."

"भावजी, नका सांगू."

नरेंद्रनी तिच्याकडे नीट पाहिलं. "पक्का?"

"पक्कं."

फौजेत हुकुमाचं कारण विचारत नाहीत. त्यांनी विषय बदलून श्रीखंड मागितलं.

दिवस साधे असते तर हे गुपित म्हातारपणापर्यंत सुखाने टिकलं असतं. पण ते नव्वद साल होतं. पंजाबात अंधार पडला की रस्ते रिकामे व्हायचे, आणि चंदिगडला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर वाळूची पोती आणि डांबराची पिंपं रचून नाके उभे राहायचे. नाक्याची शिस्त लहान पोरांनाही पाठ होती. लांबूनच वेग कमी, पुढचे दिवे बंद, आतला दिवा चालू, इंजिन बंद. इंजिन चालू ठेवणारा पळायच्या तयारीत आहे असं धरत, आणि पळणाऱ्यावर गोळी चालवायची मुभा होती. गुरुनाथ पहिल्या तिन्ही गोष्टी मन लावून करायचे. चौथीला म्हणायचे, "दो मिनट."

पहिल्या वेळी वसुधाने त्यांची बाही ओढली होती. "अहो, बंद करा ना," ती दबल्या आवाजात म्हणाली, आणि खिडकीबाहेरून टॉर्चमागचा आवाज आला, "मराठी का?" केंद्रीय राखीव दलाचा हवालदार होता, बाळकृष्ण नावाचा, परांड्याकडचा. गावाकडचं माणूस भेटल्याच्या आनंदात त्याने टर्बोचं सगळं कीर्तन ऐकून घेतलं. तोवर त्याच्या दोन साथीदारांना शोध लागला, की चालू डिझेल इंजिनावरचं बॉनेट हा थंडीतला उत्तम शेगडीचा प्रकार आहे. पंचकुलाच्या हद्दीवरच्या त्या नाक्यावर मग रीतच पडून गेली. हिरवी गाडी आली की जवान हातमोजे काढून बॉनेटला तळवे लावायचे आणि साहेब घड्याळ बघत तेलाच्या थराचं महत्त्व सांगायचे. "साहेब, आमच्यासाठी चार मिनिटं करा की," बाळकृष्ण म्हणायचा.

त्यामुळे वसुधाने सांगायचं पुढे ढकललं. सांगायला हवं हे तिला कळत होतं. चालू इंजिनाने नाक्यावर थांबणं किती दिवस पचेल याची धास्ती होतीच. पण बाळकृष्ण आहे तोवर काय घाई, असं तिने ठरवलं. दुसऱ्याच्या नेमणुकीवर आपला संसार टेकवला की काय होतं, ते संक्रांतीला कळलं.

त्या संध्याकाळी भोईट्यांकडे तिळगूळ होता. वीणा परीक्षेचं निमित्त करून शशिकलाबाईंकडे राहिली होती. स्मिताने आग्रह करकरून उशीर केला आणि निघेपर्यंत धुकं असं उतरलं की बॉनेटचं टोक दिसेना. नाक्यावर पिंपं होती, पोती होती. बाळकृष्ण नव्हता. त्यांची तुकडी दोनच दिवसांपूर्वी दुसरीकडे हलली होती, आणि आताची माणसं या जागी नवी होती. धुक्यातून येणारी प्रत्येक गोष्ट त्यांना वैऱ्याची वाटत होती.

नेहमीप्रमाणे टॉर्च वसुधाच्या खिडकीशी आला. "इंजन बंद करो."

नेहमीप्रमाणे तिने डावीकडे बोट दाखवलं. आणि गुरुनाथ, ज्यांना कॉन्फरन्समध्ये इंग्रजीतून तासभर बोलताना अडखळायला व्हायचं नाही, ते आपल्या सांगलीच्या हिंदीत समजावून सांगू लागले. आतमध्ये एक चीज़ आहे, ती फार गरम झालेली आहे, ती आत फिरते आहे, एकदम बंद केलं तर सत्यानाश. मग मनगट आतल्या दिव्याखाली धरून, घड्याळाच्या काट्यावर नजर ठेवून ते म्हणाले, "बस, अब डेढ़ मिनट बाकी है."

टॉर्च विझला. बूट मागे धावल्याचा आवाज झाला, कोणीतरी पोत्यांमागे अंग टाकलं, आणि धुक्यात कुठेतरी रायफल सज्ज केल्याचा खटका वाजला.

गुरुनाथना अजून काही कळलं नव्हतं. त्यांना वाटलं, मंडळींना पटलं. वसुधाला मात्र नवऱ्याचं वाक्य पोत्यांमागून कसं ऐकू गेलं असेल ते एका क्षणात कळलं. आता टर्बो समजावून सांगायला वेळ नव्हता. ती उजव्या खिडकीतून मोठ्या, सावकाश आवाजात म्हणाली, "भाईसाहब, बम नहीं है. मैं बंद कर रही हूँ. देखिए, मेरा हाथ." डावा हात दिव्याच्या उजेडात दिसेल असा वर धरून तिने तो हळूहळू स्टिअरिंगकडे नेला. या गाडीची किल्ली स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला होती, तिच्याच बाजूला. तीन वर्षं ती तिथेच होती. तिने फिरवली.

इंजिन थांबलं. इतकी शांतता पसरली की गरम लोखंडाची टिकटिक ऐकू येऊ लागली, आणि ती टिकटिक ऐकून पोत्यांमागची माणसं आणखी खाली वाकली.

पुढची तपासणी सविस्तर झाली. हात वर, खाली उतरा, बॉनेट उघडा, डिकी उघडा, सीटखाली बघा. सापडला तो स्मिताने दिलेला तिळगूळ. संस्थेचं ओळखपत्र टॉर्चखाली उलटंसुलटं करून पाहिल्यावर तरुण इन्स्पेक्टर गुरुनाथना म्हणाला, "डॉक्टर साहब, घड़ी देखके ऐसी बात नाके पे करते हैं?" आणि वसुधाकडे वळून, "मॅडम, गाड़ी आप ही चलाया करो." तो थट्टा करत होता. निदान निम्मी.

गाडीत परत बसल्यावर गुरुनाथांनी किल्लीला हात लावून पाहिला.

"तू बंद केलीस."

"हो."

"टर्बो गेला असणार. आता निळा धूर येईल."

"काही येणार नाही," वसुधा म्हणाली, आणि नरेंद्रनी सांगितलेलं सगळं तिने सांगून टाकलं. पळवल्याशिवाय टर्बो तापत नाही. चाळीसच्या वेगाला दोन मिनिटांची गरज नव्हती. आज नव्हती, कधीच नव्हती.

गुरुनाथांनी ते शास्त्रज्ञासारखं ऐकलं, म्हणजे आधी मनात खोडायचा प्रयत्न केला आणि खोडता येत नाही म्हटल्यावर मान्य केलं. मग विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"दसऱ्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

उत्तर तिच्याजवळ होतं. पण मागे पोत्यांवरून चार रायफली बघत होत्या. "गाडी सुरू करा," ती म्हणाली, "थंडी वाजतेय."

फाटकाशी आल्यावर गुरुनाथांनी किल्ली ताबडतोब फिरवली. वर शशिकलाबाईंचा गॅस नुकताच पेटला होता. ते उतरले, बूट काढले आणि वर्तमानपत्र उघडलं.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. माणूस रागावलेला नव्हता. शास्त्राला धरून वागत होता, आणि त्यावर वसुधाला काही बोलायलाही जागा नव्हती. किल्ली फिरवली म्हणून नवरा धड घरी आला होता. तो सौदा तिने शंभर वेळा पुन्हा केला असता. पण आता फाटकाशी इंजिन थांबायचं, दार उघडायचं, आणि दिवसभर साठवून ठेवलेलं काहीबाही तिच्याजवळ तसंच राहायचं. शशिकलाबाई गार दूध प्यायला लागल्या आणि त्यांनी एकदा जिन्यात विचारलंही, काही बिनसलंय का.

फेब्रुवारीत गाडीने काळा धूर सोडायला सुरुवात केली. गुरुनाथांनी सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरला. तो वाणसामानाच्या दुकानातल्या फडक्यासारखा झाला. काळा, म्हणजे हवा कमी. एअर फिल्टर बदलला, डिझेलचा पंप बदलून पाहिला, धूर तसाच. शेवटी त्यांनी नरेंद्रना फोन केला. नरेंद्र म्हणाले, गाडी वर्षानुवर्षं रांगत चालली की आत काजळी धरते. धुराडं, टर्बो सगळं कोंदतं. औषध एकच. मोकळ्या रस्त्यावर नेऊन दहा-पंधरा मैल गिअर खाली ठेवून, पाय दाबून पळवायची. नव्वद, शंभर. हे निदान नरेंद्रना आपलं आपण सुचलं की कोणी त्यांना आठवण करून दिली, याचा तपास लागला नाही. वसुधा आणि स्मिता रोज फोनवर बोलत, एवढं खरं.

रविवारी सकाळी, लख्ख उन्हात, दोघं अंबाल्याच्या रस्त्याला लागली. झिरकपूर सुटल्यावर गुरुनाथांनी पाय दाबला. पन्नास. साठ. पासष्टला त्यांनी गाडी कडेला घेतली.

"मला नाही जमत," ते समोर बघत म्हणाले. मग स्टिअरिंगवरचे हात काढून, "तू बघतेस का?"

वसुधा उतरली, गाडीला पुढून वळसा घालून आली आणि डावीकडे बसली. सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. जीपपेक्षा क्लच हलका होता, बाकी फारसा फरक नव्हता. तिसरा गिअर टाकून तिने पाय दाबला. काटा चाळीसपाशी नेहमीच्या सवयीने घुटमळल्यासारखा वाटला, आणि मग पाठीमागून कोणीतरी ढकलावं तशी गाडी सुटली. मागे एवढा काळा ढग उठला की एका ट्रकवाल्याने भर सकाळी दिवे लावले. सत्तर. ऐंशी. नव्वद. पुढून, बॉनेटखालून, एक बारीक, चढत जाणारी शीळ ऐकू येऊ लागली.

गुरुनाथ दचकले. "काय गं ते? काही सुटलं का?" मग त्यांनी कान दिला आणि त्यांचा चेहरा बदलला. "टर्बो," ते म्हणाले. तीन वर्षं ज्याची सगळ्या गावाला माहिती दिली, त्याचा आवाज ते आज पहिल्यांदा ऐकत होते. डेराबस्सीच्या औषध कारखान्यांच्या चिमण्या येईपर्यंत त्यांनी मान तिरकी करून तो ऐकला, गाणं ऐकावं तसा. मागचा ढग पातळ होत होत नाहीसा झाला.

परतताना दिवसाच्या नाक्यावर एक शिपाई सवयीने उजव्या खिडकीशी आला. गुरुनाथांनी बायकोकडे बोट दाखवलं. शिपायाने जायची खूण केली.

गावातले रस्ते रविवारचे रिकामे होते. शेवटच्या टप्प्यात वेग उतरवत आणला तर टर्बो आपोआप निवतो, हेही नरेंद्रनी सांगून ठेवलं होतं. वसुधाने तो टप्पाही वेग न उतरवता, ताणूनच घेतला. फाटकाशी गाडी उभी केली आणि किल्लीकडे हात नेला.

किल्लीवर गुरुनाथांचा हात आधीच होता.

"थांब," ते म्हणाले. "आता टर्बोवर लोड आलाय."

ती हात मांडीवर ठेवून बसली. इंजिन संथ गुरगुरत होतं. गुरुनाथांनी सवयीने मनगट वर केलं, आणि घड्याळ न बघताच खाली घेतलं.

"दसऱ्यापासून माहीत होतं," ते म्हणाले, "आणि एवढे दिवस गप्प बसलीस."

"तुम्ही बोलत होतात ना," वसुधा म्हणाली. "मध्ये कशाला तोडायचं?"

गुरुनाथांनी तेलाच्या काट्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग त्या रात्री नाक्यावर हात वर करून उभं असताना आपल्याला सगळ्यात आधी काय आठवलं, ते सांगायला लागले. आणि ते सांगता सांगता आणखी काही, आणि त्यातून आणखी काही.

वर शशिकलाबाईंचं दूध उतू गेलं.